सेप्सिसमध्ये रक्त 'गाळून' रुग्ण वाचतो का? आयसीयूबाहेर सही करण्याआधी हे वाचा

१३ ऑगस्ट २०२३, रविवार. कळव्यातलं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय त्या दिवशी देशभरातल्या बातम्यांमध्ये होतं. ठाणे महापालिकेच्या या ५०० खाटांच्या रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्णांचा मृत्यू झाला होता.

तेव्हाचे महापालिका आयुक्त अभिजीत बांगर यांनी माध्यमांना तपशील दिला. मृतांमध्ये १० महिला आणि ८ पुरुष होते. १२ जण पन्नाशीच्या पुढचे होते. ६ जण ठाणे शहरातले, ४ कल्याणचे, ३ शहापूरचे, तर भिवंडी, उल्हासनगर आणि गोवंडीचे प्रत्येकी एक. तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी आरोग्य सेवा आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली.

या रुग्णांना कोणकोणते आजार होते, हेही तेव्हा सांगण्यात आलं. मूतखडा, जुना पक्षाघात, अल्सर, न्यूमोनिया, रॉकेलची विषबाधा. आणि या यादीत आणखी एक शब्द होता, सेप्टिसेमिया.

हा शब्द बहुतेकांनी वाचला आणि पुढे सरकले. पण ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या कुठल्याही आयसीयूबाहेर तासभर बसलात, तर तो हमखास कानावर पडतो. "इन्फेक्शन रक्तात गेलंय", "सेप्टिक झालंय", "सेप्सिस आहे". आणि अलीकडे त्याच्या जोडीला आणखी एक वाक्य येतं, "रक्त शुद्ध करणारा एक फिल्टर आहे, लावून बघता येईल. खर्च जास्त आहे. नातेवाइकांनी ठरवायचं."

हा फिल्टर नेमका काय आहे? तो लावल्यानं रुग्ण वाचतो का? आणि 'लावा' किंवा 'नको' म्हणण्याआधी डॉक्टरांना काय विचारायचं? सगळं सोप्या भाषेत समजून घेऊ.

आधी सेप्सिस म्हणजे काय?

शरीरात कुठेतरी जंतुसंसर्ग होतो. फुप्फुसात, लघवीच्या मार्गात, पोटात किंवा अगदी पायाच्या जखमेत. शरीराची रोगप्रतिकारशक्ती त्या जंतूंशी लढायला उतरते. बहुतेक वेळा ती जिंकते आणि माणूस बरा होतो.

काही वेळा मात्र या लढाईचा ताळमेळ सुटतो. जंतूंना मारण्यासाठी शरीर जी रसायनं सोडतं, तीच शरीराच्या स्वतःच्या अवयवांना इजा करू लागतात. रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब पडतो, मूत्रपिंडं लघवी तयार करणं थांबवतात, फुप्फुसात पाणी साचतं, मेंदूला गुंगी येते. संसर्गाला शरीरानं दिलेल्या अशा बिघडलेल्या प्रतिसादामुळे अवयव निकामी व्हायला लागले, तर त्याला सेप्सिस म्हणतात. २०१६ पासून जगभरातले डॉक्टर हीच व्याख्या वापरतात.

सलाइन देऊनही रक्तदाब टिकत नसेल, तो टिकवायला सतत औषध चालू ठेवावं लागत असेल आणि रक्तात लॅक्टेट नावाचा घटक वाढलेला असेल, तर त्या अवस्थेला सेप्टिक शॉक म्हणतात. इथे मृत्यूचा धोका सर्वाधिक असतो.

एक गैरसमज आधीच दूर करू. सेप्सिस म्हणजे रक्त 'घाण' होणं नाही. कडुलिंबाचा रस किंवा मंजिष्ठाचा काढा घेऊन 'रक्तशुद्धी' करण्याची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. तिचा आणि सेप्सिसचा काही संबंध नाही. सेप्सिसच्या रुग्णाला काढा पाजत घरी थांबवणं म्हणजे थेट त्याच्या जिवाशी खेळ.

हा आजार किती मोठा आहे?

'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०२० मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याच्या अंदाजानुसार २०१७ या एका वर्षात जगभरात ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि १ कोटी १० लाख लोक त्यात गेले. म्हणजे जगातल्या दर पाच मृत्यूंपैकी साधारण एक. भारतासाठीचा अंदाज होता १ कोटी १३ लाख रुग्ण आणि २९ लाख मृत्यू.

भारतातल्या ३५ आयसीयूंमध्ये झालेला एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आयसीयूतल्या निम्म्याहून अधिक प्रौढ रुग्णांना सेप्सिस असल्याचं आढळलं. बरेचसे जंतू तर एकापेक्षा जास्त अँटिबायोटिक्सना दाद न देणारे होते.

ठाणे-कल्याण पट्ट्यात यात पावसाळ्याची भर पडते. तुंबलेल्या पाण्यातून चालल्यानं होणारा लेप्टोस्पायरोसिस, मलेरिया, डेंग्यू हे आजार बिघडले की रुग्णाची अवस्था सेप्सिससारखीच होते. रक्तदाब पडतो, मूत्रपिंडं बंद पडतात. जुना मधुमेह, सिगारेट किंवा बिडीनं खराब झालेली फुप्फुसं, बाळंतपण, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, साठीपुढचं वय किंवा नवजात बाळ असेल, तर धोका आणखी वाढतो.

रक्त 'गाळायचं' म्हणजे नेमकं काय करतात?

कल्पना तशी साधी आहे. अवयवांना इजा करणारी रसायनं रक्तात फिरतायत ना? मग रक्त शरीराबाहेर काढा, ती रसायनं गाळून घ्या आणि रक्त परत शरीरात सोडा.

त्यासाठी रुग्णाच्या मानेतल्या किंवा जांघेतल्या मोठ्या शिरेत जाड नळी बसवतात. पंपाच्या मदतीनं रक्त बाहेर येतं, एका नळकांड्यातून जातं आणि परत शिरेत जातं. बाहेरून पाहणाऱ्याला सगळं डायलिसिससारखंच दिसतं. त्यामुळे नातेवाइकांचा गोंधळही इथेच होतो. प्रत्यक्षात याचे चार वेगवेगळे प्रकार आहेत.

पहिला, डायलिसिस. मूत्रपिंडं बंद पडली की युरिया, पोटॅशियम आणि जास्तीचं पाणी काढण्यासाठी हा उपचार करतात. रक्तदाब अगदी कमी असेल, तर २४ तास संथपणे चालणारं डायलिसिस लावतात. आयसीयूत त्याला सीआरआरटी म्हणतात. सेप्सिसमध्ये मूत्रपिंडं निकामी झाली असतील, तर हा मान्यताप्राप्त आणि अनेकदा अत्यावश्यक उपचार आहे. त्याबद्दल वाद नाही.

दुसरा, सायटोकाइन शोषणारा फिल्टर. 'सायटोसॉर्ब' हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव. या नळकांड्यात प्लास्टिकसारख्या पदार्थाचे अतिशय बारीक, सच्छिद्र मणी भरलेले असतात. रक्त त्यातून जाताना सायटोकाइन नावाचे दाह वाढवणारे रेणू मण्यांच्या छिद्रांत अडकतात. युरोपात याला २०११ मध्ये परवानगी मिळाली. भारतातही ते वापरलं जातं, आणि अशाच प्रकारचे इतर कंपन्यांचे फिल्टरही मिळतात.

तिसरा, पॉलिमिक्सिन बी फिल्टर. काही जंतूंच्या बाहेरच्या आवरणात एंडोटॉक्सिन नावाचं विष असतं. पॉलिमिक्सिन बी हे अँटिबायोटिक त्या विषाला घट्ट चिकटतं. पण ते थेट रक्तात दिलं, तर मूत्रपिंडांना आणि नसांना त्रास होऊ शकतो. जपानच्या तोरे कंपनीनं त्यावर वाट शोधली. औषध धाग्यांवर कायमचं चिकटवून ते धागे नळकांड्यात भरले. रक्त धाग्यांना स्पर्श करतं, विष तिथेच राहतं, औषध मात्र शरीरात जात नाही. जपानमध्ये १९९४ पासून हा उपचार तिथल्या आरोग्य विम्यात आहे.

चौथा, प्लाझ्मा बदलणं. रक्तातला पातळ भाग काढून त्या जागी दात्याचा प्लाझ्मा देतात.

यातला पहिला प्रकार मूत्रपिंडांचं काम करतो. बाकीचे तीन सेप्सिसलाच आवरायचा प्रयत्न करतात. खरा प्रश्न या तिघांचा आहे.

मग यानं रुग्ण वाचतात का?

सुरुवातीला खूप आशा होती. इटलीतल्या १० रुग्णालयांत पॉलिमिक्सिन फिल्टरची एक चाचणी झाली. पोटातल्या संसर्गामुळे शस्त्रक्रिया झालेले आणि सेप्टिक शॉकमध्ये गेलेले ६४ रुग्ण त्यात होते. २००९ मध्ये निकाल आला. २८ दिवसांत फिल्टर लावलेल्या गटातले ३२ टक्के रुग्ण दगावले, तर न लावलेल्या गटातले ५३ टक्के. फरक मोठा होता. पण ६४ रुग्ण म्हणजे फारच छोटी संख्या आणि चाचणीही मुदतीआधीच थांबवली होती.

म्हणून मोठ्या चाचण्या झाल्या आणि तिथे चित्र पालटलं.

फ्रान्समध्ये पोटात आतडं फाटून सेप्टिक शॉकमध्ये गेलेल्या २४०च्या आसपास रुग्णांवर हाच फिल्टर वापरून पाहिला. २०१५ मध्ये आलेल्या निकालात फिल्टरच्या गटात २७.७ टक्के मृत्यू होते आणि नेहमीच्या उपचारांच्या गटात १९.५ टक्के. हा फरक योगायोगानंही असू शकतो, असं आकडेशास्त्र सांगतं. पण फायदा काही दिसला नाही.

त्यानंतर अमेरिका आणि कॅनडातल्या ५५ रुग्णालयांत 'युफ्रेटिस' चाचणी झाली. रुग्ण ४५०. ही चाचणी खूप काटेकोर होती. ज्यांना फिल्टर द्यायचा नव्हता, त्यांच्याजवळही मशीन आणलं, पण रक्त फिल्टरमधून फिरवलं नाही. फिल्टर कुणाला मिळाला हे आधीच कळून उपचारांत फरक पडू नये, हा हेतू. २०१८ मध्ये निकाल आला. फिल्टरच्या गटात २८ दिवसांत ३७.७ टक्के मृत्यू, दुसऱ्या गटात ३४.५ टक्के. म्हणजे फायदा सिद्ध झाला नाही.

सायटोकाइन शोषणाऱ्या फिल्टरची गोष्ट जास्त सावध करणारी आहे. कोरोनाच्या काळात 'सायटोकाइन स्टॉर्म' हा शब्द घरोघरी पोहोचला. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेनं असे फिल्टर आपत्कालीन वापरासाठी मंजूर केले. जर्मनीतल्या फ्रायबुर्ग इथे एक्मो मशीनवर असलेल्या ३४ कोरोना रुग्णांवर चाचणी झाली. ३० दिवसांनंतर सायटोसॉर्ब लावलेल्या १७ पैकी ३ जण जिवंत होते. न लावलेल्या १७ पैकी १३. चाचणी छोटी होती, रुग्ण अतिशय गंभीर होते, त्यामुळे फिल्टरनंच मृत्यू वाढले असं ठामपणे म्हणता येत नाही. पण 'लावून बघायला काय हरकत आहे' या वाक्यातली हरकत या आकड्यांनी दाखवून दिली.

संथ डायलिसिसचा वेग दुप्पट करून जास्त रसायनं गाळता येतील का, हेही युरोपात १४० रुग्णांवर तपासलं गेलं. २०१३ मध्ये निकाल आला. मृत्यूचं प्रमाण जवळपास तेवढंच राहिलं.

इतकी सरळ कल्पना फसते कशी?

कारणं बरीच आहेत, पण चार नीट समजून घेण्यासारखी आहेत.

एक, फिल्टरला चांगलं-वाईट कळत नाही. जी रसायनं अवयवांना इजा करतात, त्यातलीच काही जंतूंशी लढायलाही लागतात. फिल्टर दोन्ही काढून टाकू शकतो.

दोन, फिल्टर औषधंही गाळतो. काही अँटिबायोटिक्स मण्यांमध्ये अडकतात. डोस वेळीच वाढवला नाही, तर जंतूंना मोकळं रान मिळतं.

तीन, सगळे रुग्ण एका अवस्थेत नसतात. कुणाची प्रतिकारशक्ती भडकलेली असते, कुणाची पार थकून गेलेली असते. दोघांना एकच फिल्टर लावून एकच परिणाम कसा मिळणार?

चार, आणि सगळ्यात महत्त्वाचं. संसर्गाचं मूळ शरीरातच असतं. पोटात पू साचलाय, मूतखड्यानं लघवीचा मार्ग तुंबून वर संसर्ग झालाय, पाय सडलाय. ते मूळ न काढता रक्त गाळत बसणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

यात फिल्टरचे स्वतःचे धोकेही धरा. रक्त गोठू नये म्हणून बऱ्याचदा औषध द्यावं लागतं, त्यानं रक्तस्राव होऊ शकतो. प्लेटलेट्स कमी होऊ शकतात. मानेतल्या नळीतून नवा संसर्ग होऊ शकतो.

म्हणजे हा उपचार निकामी आहे का?

तसंही नाही. संशोधन थांबलेलं नाही. युफ्रेटिस चाचणीतल्या रुग्णांची माहिती नंतर पुन्हा तपासली गेली. ज्यांच्या रक्तात एंडोटॉक्सिन एका ठरावीक पातळीदरम्यान होतं, खूप कमीही नाही आणि प्रचंडही नाही, अशा १९४ रुग्णांमध्ये फिल्टरचा फायदा दिसला. त्यांच्यात मृत्यू २६.१ टक्के होते, तर फिल्टर न मिळालेल्यांत ३६.८ टक्के. निकाल लागल्यानंतर असे गट पाडून काढलेले निष्कर्ष पक्के मानत नाहीत. म्हणून नेमक्या अशाच रुग्णांना निवडून 'टायग्रिस' नावाची नवी चाचणी हाती घेतली गेली.

थोडक्यात, 'सेप्सिसच्या सगळ्या रुग्णांना फिल्टर' ही कल्पना मागे पडली आहे. 'नेमक्या कोणत्या रुग्णाला, कोणत्या वेळी' याचा शोध सुरू आहे.

सेप्सिसच्या उपचारांसाठी जगभरात 'सर्व्हायव्हिंग सेप्सिस कॅम्पेन'ची मार्गदर्शक तत्त्वं मानली जातात. त्यांच्या २०२१ च्या आवृत्तीत पॉलिमिक्सिन फिल्टर वापरू नये असं सुचवलं आहे, आणि ही सूचना सौम्य स्वरूपाची असल्याचंही नमूद आहे. रक्त शुद्ध करण्याच्या इतर पद्धतींबाबत 'वापरा' किंवा 'वापरू नका' असं काहीही सांगण्याइतका पुरावा नाही, असं त्यात म्हटलं आहे.

त्यामुळे एखाद्या डॉक्टरांनी विशिष्ट रुग्णासाठी हा पर्याय सुचवला, म्हणून लगेच ते फसवतायत असं समजायचं कारण नाही. त्याचप्रमाणे, पैसे जमवता आले नाहीत म्हणून फिल्टर लावला नाही आणि माणूस गेला, असा दोष आयुष्यभर स्वतःला लावून घ्यायचंही कारण नाही. हा फिल्टर लावला असता तर रुग्ण वाचलाच असता, असं आजचं विज्ञान म्हणत नाही.

मग सेप्सिसमध्ये वाचवतं काय?

वेळ.

कॅनडा आणि अमेरिकेतल्या सेप्टिक शॉकच्या रुग्णांचा एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. रक्तदाब पडल्यापासून पहिल्या तासाभरात योग्य अँटिबायोटिक मिळालेल्यांपैकी जवळपास ८० टक्के वाचले. त्यानंतरच्या सहा तासांत प्रत्येक तासाच्या उशिरामागे वाचण्याचं प्रमाण सरासरी साडेसात टक्क्यांनी घसरत गेलं. नंतरच्या काही अभ्यासांत हा फरक इतका मोठा दिसला नाही, पण दिशा तीच राहिली. उशीर झाला की मृत्यू वाढतात.

म्हणूनच सेप्टिक शॉकची शंका असेल, तर तासाभरात अँटिबायोटिक सुरू करा, असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. त्याआधी कल्चरसाठी रक्त घ्यायचं, म्हणजे जंतू कोणता ते नंतर कळतं. पुरेसं सलाइन द्यायचं. रक्तदाब टिकत नसेल तर नॉरअ‍ॅड्रेनालिन सुरू करायचं. आणि पू, गळू, तुंबलेली लघवी किंवा सडलेला भाग लवकरात लवकर काढायचा. यातली पहिली पावलं उचलायला महागडं यंत्र लागत नाही. वेळेवर ओळखणारा माणूस आणि हाताशी असलेलं औषध लागतं.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांमध्ये एक प्रयोग केला. गावातल्याच महिलांना प्रशिक्षण दिलं. बाळाला सेप्सिस झालाय हे कसं ओळखायचं आणि अँटिबायोटिकचं इंजेक्शन घरीच कसं द्यायचं, हे त्यांना शिकवलं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले. उपचार सुरू होण्यापूर्वी सेप्सिस झालेल्या नवजात बाळांपैकी १६.६ टक्के दगावत होती. आरोग्यदूतांनी उपचार सुरू केल्यावर हे प्रमाण २.८ टक्क्यांवर आलं. तेही आयसीयू नसताना, कसलाही फिल्टर नसताना.

ठाणे-कल्याणमध्ये वेळ कुठे जातो?

आता हेच गणित आपल्या भागात मांडून पाहा. डोंबिवलीतल्या एखाद्या घरात आजीला दोन दिवस ताप आहे. लघवीला जळजळ होतेय. मेडिकलमधून गोळ्या आणल्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आजी असंबद्ध बोलायला लागते. घरचे म्हणतात, तापात बरळतेय. रात्री जवळच्या नर्सिंग होममध्ये नेतात. तिथे आयसीयू नाही. मग महापालिकेचं डोंबिवलीतलं शास्त्रीनगर किंवा कल्याणचं रुक्मिणीबाई रुग्णालय. तिथून पुढे कळवा. कळव्यात जागा नसेल तर मुंबईतलं सायन किंवा केईएम.

प्रत्येक ठिकाणी केसपेपर, प्रत्येक ठिकाणी अ‍ॅम्ब्युलन्सची शोधाशोध. मध्ये कल्याण-शीळ रस्त्यावरची कोंडी. शहापूर किंवा मुरबाडहून येणाऱ्यांचा रस्ता तर आणखी लांब. सेप्सिसमधले मोलाचे तास असे रस्त्यात जातात. रुग्ण शेवटच्या रुग्णालयात पोहोचतो तेव्हा मूत्रपिंडं बंद पडलेली असतात. मग 'फिल्टर लावायचा का?' हा प्रश्न समोर येतो.

त्यामुळे रुग्णाला दुसरीकडे हलवण्याआधी पहिल्याच डॉक्टरांना एक प्रश्न विचारायलाच हवा. "सेप्सिसची शंका आहे का? असेल तर अँटिबायोटिकचा पहिला डोस आणि सलाइन इथेच सुरू करता येईल का?" कोणतं औषध, किती वाजता दिलं, हे रेफरच्या चिठ्ठीवर लिहून घ्या. पुढच्या रुग्णालयात त्या एका ओळीचा मोठा उपयोग होतो.

घरच्यांनी कोणती लक्षणं पाहावीत?

ताप किंवा कुठलाही संसर्ग असताना खालीलपैकी काहीही दिसलं, तर सकाळची वाट पाहू नका.

– बोलण्यात गोंधळ, माणसं न ओळखणं, खूप गुंगी
– श्वास जोरात चालणं, मोठ्या माणसाचा मिनिटाला २२ किंवा जास्त
– वरचा रक्तदाब १०० किंवा त्याहून कमी
– दिवसभरात लघवी फारच कमी होणं
– हातपाय गार पडणं, त्वचेवर निळसर किंवा जांभळट चट्टे
– ताप असताना अचानक अंग गार पडणं आणि प्रचंड अशक्तपणा
– नवजात बाळानं दूध ओढणं थांबवणं, निपचित पडणं किंवा भरभर श्वास घेणं

ही सगळी लक्षणं एकदम दिसतीलच असं नाही. वयस्कर माणसाला तर कधी कधी तापही येत नाही, फक्त वागणं बदलतं. सरकारी अ‍ॅम्ब्युलन्ससाठी १०८ वर फोन करा. रुग्णालयात पोहोचल्यावर "ताप आहे" एवढंच सांगू नका. "ताप आहे आणि सकाळपासून बडबडतायत, लघवी झालेली नाही" असं सांगा.

डॉक्टरांनी फिल्टर सुचवला तर काय विचारायचं?

आयसीयूबाहेर सही करण्यासाठी वेळ कमी असतो. हे सात प्रश्न मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा.

१. हा फिल्टर मूत्रपिंडांसाठीचं डायलिसिस आहे की सेप्सिसची रसायनं गाळण्यासाठी? (पहिलं असेल तर फार विचार करत बसू नका.)
२. संसर्गाचं मूळ कुठे आहे? ते काढलंय का? नसेल तर आधी काय करता येईल?
३. अँटिबायोटिक कधी सुरू झालं? कल्चरचा रिपोर्ट काय सांगतो?
४. याच रुग्णाला फिल्टरचा फायदा होईल असं तुम्हाला कशामुळे वाटतं?
५. किती फिल्टर लागतील? एकूण खर्च किती?
६. फायदा होतोय की नाही, हे २४ तासांत कशावरून ठरवणार? लॅक्टेट की रक्तदाबाच्या औषधाचा डोस? फरक पडला नाही तर थांबणार का?
७. फिल्टर चालू असताना अँटिबायोटिकचा डोस बदलणार का?

हे प्रश्न विचारणं म्हणजे डॉक्टरांवर संशय घेणं नाही. काय उपचार होतायत हे समजून घेऊन संमती देणं हा रुग्णाचा आणि कुटुंबाचा हक्क आहे. चांगले डॉक्टर या प्रश्नांची उत्तरं देतात.

खर्चासाठी मदत कुठे मिळते?

असे विशेष फिल्टर साध्या डायलिसिसच्या तुलनेत खूप महाग असतात, आणि आयसीयूचा रोजचा खर्च वेगळा. दागिने गहाण टाकण्याआधी या तीन गोष्टी तपासा.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. योजनेतल्या रुग्णालयांत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. कोणता उपचार योजनेत बसतो, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. हेल्पलाइन १५५३८८ किंवा १८००२३३२२००.

धर्मादाय रुग्णालयं. ट्रस्टच्या ज्या मोठ्या रुग्णालयांना ही योजना लागू आहे, त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. रुग्णालयातल्या समाजसेवकाकडे चौकशी करा. रेशन कार्ड आणि उत्पन्नाचा दाखला जवळ ठेवा.

कागदपत्रं. केसपेपर आणि रिपोर्टच्या प्रती मागितल्यापासून ७२ तासांत मिळायला हव्यात. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल, तर या प्रती लागतातच.

शेवटी काय लक्षात ठेवायचं?

रक्त गाळणारा फिल्टर हा सेप्सिसवरचा 'शक्य असलेला' उपचार आहे. 'सिद्ध झालेला' उपचार नाही. उद्या योग्य रुग्ण निवडण्याची पद्धत सापडली, तर तो अनेकांना उपयोगी पडूही शकेल. आज मात्र त्याच्यामुळे रुग्ण वाचतोच, असं म्हणता येत नाही.

डोंबिवलीतल्या आजीच्या उदाहरणाकडे परत जाऊ. तिच्या बाबतीत सगळ्यात मोठा निर्णय आयसीयूच्या दारात झालाच नाही. तो घरीच झाला, 'तापात बरळतेय' असं म्हणून घरच्यांनी रात्रीपर्यंत थांबायचं ठरवलं तेव्हा. दरवर्षी १३ सप्टेंबरला जागतिक सेप्सिस दिन असतो. त्या दिवसाची वाट न पाहता वरची लक्षणांची यादी आजच फॅमिली ग्रुपवर टाका.